सुलभाकाकूंचं कॅनडाचं कार्ड

जर्मनीतून जुन्या रस्त्यानं ऑस्ट्रियात शिरताना कुफश्टाइनच्या अलीकडे तपासनाक्याची एक केबिन लागायची. सीमा खुल्या झाल्यापासून तिच्यात कोणी बसत नव्हतं. काचेवर धूळ होती आणि आत एक खुर्ची टेबलावर उलटी ठेवलेली. गाड्या तिच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जायच्या. सुलभाकाकूंना घेऊन मी पहिल्यांदा तिथून जात होते, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "थांब गं इथे."

मला वाटलं त्यांना मळमळतंय. मी गाडी कडेला घेतली. काकूंनी पर्समधून पासपोर्ट काढला, चष्मा लावला, काच खाली केली आणि केबिनकडे तोंड करून शांत बसून राहिल्या.

"काकू, इथे कोणी नसतं."

"येईल. जेवायला गेला असेल."

"कोणीच येत नाही आता. ही सीमा फक्त नावाला उरलीय."

काकूंना ते पटेना. "मग आपण काय घेऊन चाललोय ते सांगायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

त्यांनी थोडा वेळ त्या उलट्या खुर्चीकडे पाहिलं. मग स्वच्छ इंग्रजीत त्या रिकाम्या केबिनला सांगितलं, "टू सँडविचेस, वन थर्मास. नथिंग टू सेल." काच वर केली आणि मला म्हणाल्या, "चल आता."

मी हसले नाही. हसू आलंच नाही. देवळासमोरून जाताना माणूस चप्पल काढून हात जोडतो, तेव्हा त्याला आपण हसत नाही, तसं काहीतरी.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहत होतो. नवरा सकाळच्या ट्रेननं इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात जायचा. मला माझ्या व्हिसावर अजून काम करायची परवानगी नव्हती. घरात एक जुनी गाडी होती, माझ्याकडे लायसन्स होतं आणि दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. अशा अवस्थेत मला काकू भेटल्या, त्याही पेट्रोल पंपावर, गाडी नसताना.

पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी जाकीट, पायात पांढरे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. हातात दुधाची पिशवी, लोण्याचं पाकीट आणि ब्रेड घेऊन त्या पेट्रोलचे पैसे भरणाऱ्यांच्या रांगेत उभ्या होत्या. मंगळसूत्र नव्हतं, पण बांगड्या अस्सल तुळशीबागेतल्या. मी मराठीत विचारलं, "पलीकडे सुपरमार्केट आहे की. इथे दूध महाग पडतं."

"तिथे माझं कार्ड घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "इथे घेतात."

त्या काळात जर्मनी म्हणजे रोकड्याचा देश. सुपरमार्केटवाले फार तर स्थानिक बँकेचं कार्ड घ्यायचे. क्रेडिट कार्ड दाखवलं की बेकरीतली बाई हॉटेलचं बिल बघितल्यासारखी दचकायची आणि 'नुअर बार' म्हणायची. नुअर बार म्हणजे फक्त रोख. पहिल्या आठवड्यात काकूंचा समज असा झाला होता की ही बाई आपल्याला बारमध्ये पाठवतेय. "सकाळी सकाळी," असं त्या मला म्हणाल्या, "आणि तेही माझ्या वयाच्या बाईला."

काकूंचं कार्ड कॅनडातल्या एका बँकेचं होतं. त्यावर केलेल्या खरेदीतला थोडासा हिस्सा वर्षाअखेरीला परत मिळायचा. याला कॅशबॅक म्हणतात हे मला तेव्हा काकूंकडूनच कळलं. त्या कार्डाला त्यांनी निळं मखमली पाकीट शिवलं होतं. कार्ड चालतं अशी दुकानं शोधायला त्यांनी अख्खं उंटरश्लाइसहाइम पायी पालथं घातलं. दूध पेट्रोल पंपावर. भाजी म्युनिकच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात. पोस्टाची तिकिटं कुठेच नाहीत, त्याबद्दल त्यांनी पोस्टातल्या माणसाकडे सविस्तर खेद व्यक्त केला होता.

काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. लग्नानंतर कॅनडाला, टोरांटोजवळच्या मिसिसागाला गेल्या. काका लवकर गेले. मग काकूंनी एका मोठ्या दुकानात नोकरी धरली, ती निवृत्त होईपर्यंत. काम होतं गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या वस्तू घेण्याचं. मुलगा अजित तिथेच शिकला आणि पुढे म्युनिकजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आला. तेव्हापासून काकू तीन महिने इकडे आणि तीन महिने तिकडे असायच्या.

कॅनडात असताना सुट्टीच्या दिवशी त्या पूल ओलांडून अमेरिकेत खरेदीला जायच्या. तिकडच्या बऱ्याच लोकांची ती रीतच. काही दुकानं कॅनडात माल पाठवत नसत, मग लोक नदीपलीकडच्या एखाद्या दुकानाचा पत्ता द्यायचे आणि स्वतः जाऊन पार्सल घेऊन यायचे. येताना कस्टमवाल्याला जे आणलं ते सगळं सांगायचं. बाकीचे निम्मं सांगायचे. काकू सगळं सांगायच्या, अगदी गाडीत खाऊन संपवलेल्या बिस्किटांसकट.

"सरकारला फसवायचं नाही," असं त्यांचं सूत्र होतं, "आणि सरकारनं देऊ केलेलं सोडायचं नाही."

या सूत्राची खरी ताकद मला बुटांच्या प्रकरणात दिसली.

मी थंडीसाठी बूट घेतले होते. महिन्याभरात एकाचा तळ उघडून मगरीसारखा जबडा वासू लागला. पावती हरवली होती. जर्मनीत पावतीशिवाय तक्रार म्हणजे पत्रिकेशिवाय मुलगी दाखवायला नेणं. मी ते बूट टाकून द्यायला निघाले होते. काकूंनी माझा हात धरला. "विचारून तर बघू."

त्यांनी आधी दोन्ही बूट धुतले, पुसले. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले. नाड्या इस्त्री केल्या. होय, इस्त्री. मग स्वच्छ पिशवीत घालून आम्ही दुकानात गेलो. काउंटरवर त्यांनी ते बूट असे ठेवले, जसं कुणी तान्हं बाळ डॉक्टरांसमोर ठेवतं.

विक्रेता पोरगेला आणि कडक होता. "ओने कासेनबॉन गेट निश्ट," म्हणाला. पावतीशिवाय जमणार नाही. मी लगेच "हो, हो" म्हणून पिशवी उचलायला लागले. काकूंनी माझ्या हातावर हलकेच चापट मारली आणि त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "मी थांबते."

"कशासाठी?" त्यानं विचारलं.

"थांबण्यासाठी."

आणि बूट घालून बघायला बाक असतो, त्यावर त्या जाऊन बसल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "काउंटरच्या त्या बाजूला मी आयुष्य काढलंय. जो ओरडतो त्याला नियम दाखवायचा असतो. जो गप्प बसतो त्याच्यासाठी मॅनेजरला बोलवावं लागतं."

तेवढ्यात एक जाडजूड जर्मन बाई शेजारी येऊन बसली आणि एका चिमुकल्या बुटात पाय कोंबायला लागली. काकूंना ते बघवेना. त्यांनी बाईचा अंगठा बुटावरून दाबून पाहिला, मान हलवली, उठल्या, मांडणीतून एक माप मोठा जोड काढून आणला आणि बोटांनी चालायची खूण केली. बाई चालली. चेहरा उजळला. तिनं तो जोड घेतला. मग तिच्या मैत्रिणीनं काकूंचा सल्ला घेतला आणि तिनंही घेतला. दोघींना जर्मनशिवाय काही येत नव्हतं आणि काकूंना जर्मनमध्ये फक्त 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही आणि 'नुअर बार'.

मॅनेजरबाई आली ती हे सगळं बघतच. तिनं माझे बूट हातात घेतले, नाडी चाचपली आणि काकूंकडे पाहिलं. "तुम्ही या व्यवसायात होतात का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"परतीच्या काउंटरवर," काकू म्हणाल्या.

"आख झो," मॅनेजरबाई म्हणाली, म्हणजे असं होय तर. त्या दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जसं युद्धावरून आलेले दोन सैनिक पाहत असतील. मला नवा जोड मिळाला. निघताना मॅनेजरबाईनं दार उघडून धरलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

अशा बाईला घरात मात्र कोणी दार उघडून धरत नव्हतं. यात वाईटपणा कुणाचाच नव्हता. अजित आणि सून मृणाल दोघंही नोकरीवर. नात रेवा सात वर्षांची, गोड आणि हट्टी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये.

"रेवा, पोळी वाढू का गं?"

"नाइन, इश बिन झाट."

"काय म्हणाली?" काकू मला विचारायच्या.

"पोट भरलं म्हणतेय."

"बरं." आणि त्या अर्धी पोळी वाढायच्या. रेवा ती निमूट खायची. असा त्यांचा संवाद होता. चालायचा तो, पण पोळीपुरताच.

एकदा रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले असताना अजितनं काकूंच्या कार्डाचा विषय काढला. अजित सरळ स्वभावाचा, हिशेबी. "आई, तू हे कार्ड इथे वापरतेस, तेव्हा परदेशी चलनाचा आकार लागतो. तुला जे परत मिळतं, त्यापेक्षा तो जास्त आहे. म्हणजे कॅशबॅक बँकेलाच मिळतोय."

"मला गणित येतं रे," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. चहात साखर कमी आहे."

अजितनं माझ्याकडे हताश होऊन पाहिलं. मीही चक्रावले. नाक्यावरच्या रिकाम्या केबिनला सँडविचेस सांगणारी, बुटाच्या नाड्यांना इस्त्री करणारी ही बाई जाणूनबुजून तोट्यात का जाईल, ते मला उमगेना.

शाळेच्या सुट्टीत मी काकूंना एक भेट द्यायचं ठरवलं. खरी सीमा. बोडन सरोवराकाठी कॉन्स्टान्त्स नावाचं गाव आहे. ते जर्मनीत आणि त्याला चिकटून असलेलं पुढचं गाव स्वित्झर्लंडमध्ये. मध्ये फाटक, आणि फाटकात त्या काळी खरेखुरे गणवेशातले कस्टमवाले. मी, काकू आणि रेवा सकाळीच निघालो.

माझ्या भारतीय पासपोर्टला स्वित्झर्लंडचा वेगळा व्हिसा लागत होता, म्हणून मी अलीकडेच थांबले. काकू आणि रेवाचे पासपोर्ट कॅनडाचे. नातीचा हात धरून काकू फाटकाकडे चालत निघाल्या. पाठ ताठ, पासपोर्ट छातीशी धरलेला. त्यांचं चालणं बघून अधिकाऱ्यानंही नकळत टोपी सारखी केली. रेवा ओढत होती, "आजी, कोम," म्हणजे चल, पण आजीला घाई नव्हती. हा क्षण नीट जगायचा होता.

तासाभरानं परतल्या, तेव्हा मी लांबून पाहिलं. अधिकाऱ्यानं काही विचारलं. काकूंनी पिशवी उघडली. चॉकलेट दाखवलं, चीज दाखवलं, रेवानं चाटायला सुरुवात केलेलं आइस्क्रीमही दाखवलं. रांग खोळंबली, पण कुणी कुरकुरलं नाही. अधिकारी प्रत्येक वस्तूला गंभीरपणे मान हलवत होता. शेवटी त्यानं काकूंना सलाम ठोकला. काकू माझ्याजवळ आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"विचारलं गं त्यानं," त्या म्हणाल्या. "सगळं विचारलं."

त्या आनंदात आम्ही कॉन्स्टान्त्समधल्या एका दुकानात शिरलो. रेवासाठी शाळेचं दप्तर घ्यायचं होतं. काकूंनी निवडलं, शिवण तपासली आणि काउंटरवर निळं मखमली पाकीट उघडलं. मुलीनं कार्ड यंत्रात घातलं. यंत्र कुरकुरलं. तिनं परत घातलं. मग ते काकूंपुढे ठेवून ती हळूच म्हणाली, "आबगेलेन्ट." म्हणजे नाकारलं.

रेवानं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात जर्मनमध्ये जाहीर केलं की आजीचं कार्ड मोडलं.

मी माझी पर्स उघडली. काकू म्हणाल्या, "नको. तिला सांग, दप्तर बाजूला ठेव. मी येते." आवाज शांत होता, पण चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कार्ड नाकारलं की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी काउंटरमागून रोज पाहिलंय. आपला कसा दिसतो ते आज कळलं."

बँकेच्या मदतकेंद्राला परदेशातून फोन केला तर खर्च बँकेचा, हे काकूंना पाठ होतं. चौकात टेलिफोनचा बूथ होता. त्यात आम्ही तिघी शिरलो. रेवा माझ्या पायांपाशी, मी दाराला टेकून, आणि काकू रिसीव्हर कानाला लावून. एका कानानं त्यांना कमी ऐकू यायचं आणि फोन त्या नेमका त्याच कानाला लावायच्या. त्यामुळे त्यांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला होता आणि पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं.

पलीकडे एक तरुण आवाज आला, खणखणीत अमेरिकन वळणाचा. "माय नेम इज केविन. हाउ मे आय हेल्प यू टुडे?"

काकूंनी नाव सांगितलं. त्यानं सुरक्षेचा प्रश्न विचारला. आईचं माहेरचं नाव?

"भागवत," काकू म्हणाल्या.

"थँक यू, मॅम," केविन म्हणाला आणि पुढे गेला.

मला काहीतरी खटकलं. जर्मनीत आल्यापासून मी माझं आडनाव किती वेळा एकेक अक्षर करून सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती. डॉक्टरकडे, महापालिकेत, वीज कंपनीत. आणि हा कॅनडाचा केविन 'भागवत' एका झटक्यात लिहून मोकळा झाला होता. त्यानं स्पेलिंग विचारलंच नाही.

कार्ड थांबवण्याचं कारण साधं होतं. एका तासात एका देशात चॉकलेट आणि दुसऱ्या देशात दप्तर, म्हणून बँकेच्या यंत्राला चोरीचा संशय आला. "आपण खरंच दोन्ही देशांत होतात का, मॅम?"

"येस. आय वॉक्ड," काकू अभिमानानं म्हणाल्या.

त्यानं कार्ड सुरू केलं. मग ठरलेलं वाक्य आलं, "इज देअर एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ?"

मला वाटलं, आता काकू फोन ठेवतील. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, चांगल्या कानाला, आणि इंग्रजीतच विचारलं, "केविन, जेवलास का?"

"येस, मॅम."

"भाजी काय होती?"

वांग्याला त्यानं अमेरिकन शब्द वापरला, "एगप्लांट, मॅम."

"होल ऑर पीसेस?"

"होल, मॅम. विथ... पीनट्स."

"गुड. मग ताक पी वरून. जड असतं ते."

"येस, मॅम. आय विल. थँक यू, मॅम."

काकूंनी फोन ठेवला. आम्ही दुकानात गेलो, दप्तर घेतलं. कार्ड चाललं. काउंटरवरची मुलगी हसली. काकूही हसल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

परत येताना रेवा मागच्या सीटवर नवं दप्तर मांडीवर घेऊन झोपली. मी विचारलं, "काकू, तो केविन कुठला आहे?"

"पुण्याचा," काकू म्हणाल्या. "कर्वेनगरच्या बाजूचा असावा. नक्की विचारता येत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"एकदा शिल्लक विचारायला फोन केला होता. तो बोलत होता आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'अरे, पंखा कमी कर, कागद उडतायत.' माझ्या हातातून चमचाच पडला. कॅनडाच्या बँकेत पंखा कुठला." त्या जरा हसल्या. "त्या पोरांना मराठी बोलायची बंदी आहे. नावंही खोटी घ्यावी लागतात. सगळे फोन टेप होतात, सुरुवातीला तसं सांगतातच. तो मराठीत बोलला तर नोकरी जायची. म्हणून आम्ही इंग्रजीत बोलतो. एक नॅन्सी आहे, साताऱ्याकडची वाटते. तिचं लग्न ठरलंय. एक-दोघं अजून आहेत. पण केविन गुणी. परीक्षा देतोय कसली तरी."

"आणि तुम्ही नेहमी फोन करता?"

"कार्ड इथे वापरलं की काहीतरी अडतंच. मग करावा लागतो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोडन सरोवर मागे पडत होतं. "दिवसभर घरात कोणी नसतं. संध्याकाळी सगळे दमलेले. आणखी काही मदत करू का, असं मला दुसरं कुणी विचारत नाही गं. त्यांना ते विचारावंच लागतं, माहीत आहे मला. काउंटरवर आम्हीही म्हणायचो. पण हा विचारून थांबतो. फोन ठेवायची घाई करत नाही."

मी गाडी चालवत राहिले. तोट्यातलं गणित मला आत्ता सुटलं होतं. ही बाई बँकेच्या टेपवर, सगळ्यांच्या देखत, परक्या भाषेत, एका परक्या पोराला वेळेवर जेवायला लावत होती, आणि एकही नियम मोडत नव्हती. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. असं डोकं आणि असं मन एकत्र पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी अजितनं काकूंना कायमचं जर्मनीत आणायचं ठरवलं. त्यात त्याची माया होती. काकूंचे गुडघे दुखायला लागले होते, मिसिसागाच्या बर्फात त्यांनी एकटं राहणं त्याला बघवत नव्हतं. काकू तयार झाल्या. तिकडचं घर सोडलं. अजितनं त्यांना इथल्या बँकेचं कार्ड काढून दिलं, सुपरमार्केटातही चालणारं. राहिलं ते कॅनडाचं कार्ड. ते कॅनडात राहणाऱ्यांसाठीच होतं.

एका दुपारी काकू माझ्याकडे आल्या. "तुझ्या फोनवरून बोलते. घरी रेवाचा टीव्ही चालू आहे."

मी म्हटलं, "काकू, मिसिसागात तुमच्या इतक्या मैत्रिणी आहेत. एखादीचा पत्ता देऊन ठेवा की. पुष्कळ लोक देतात. कार्ड चालू राहील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बिस्किटांचा पुडा लपवून पूल ओलांडायला सांगितलं होतं. "जिथे मी राहत नाही, तिथे राहते म्हणून सांगू?"

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी नंबर लावला. कुणा वेगळ्याच माणसानं उचलला. काकू "सॉरी, आय विल कॉल अगेन" म्हणाल्या आणि ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. माझा चहा होईपर्यंत हे चाललं होतं. मग एकदाचा तो ओळखीचा आवाज आला. काकूंनी मला खुणेनं स्पीकर लावायला सांगितला.

"केविन, आय वॉन्ट टू क्लोज माय कार्ड."

मग त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, कारण काय, मॅम? सेवेत काही कमी पडलं का?

"नो, नो. सर्व्हिस इज एक्सलंट," काकू टेपला ऐकू जावं म्हणून ठासून म्हणाल्या. "युवर सर्व्हिस, केविन. प्लीज राइट दॅट. मी मुलाकडे राहायला आलेय. आता कॅनडात नसते."

त्यानं एकेक पायरी पार पाडली. साठलेला कॅशबॅक कुठे पाठवायचा ते विचारलं. कार्ड कापून टाका असं सांगितलं. काकूंनी तिथल्या तिथे माझी कात्री मागून कार्ड कापलं आणि तसं कळवलं. मग तो म्हणाला, "इज देअर एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ, मॅम?"

काकूंनी विचारलं, "युवर एक्झाम?"

"पास्ड, मॅम."

"व्हेरी गुड. ईट ऑन टाइम."

"येस, मॅम."

फोन ठेवायचा होता आणि कुणीच ठेवत नव्हतं. मग त्या आवाजातलं अमेरिकन वळण एकदम गळून पडलं आणि अगदी साधा, घरातला मुलगा बोलला, "काकू, तुम्हीपण जपा हं. तिकडे थंडी फार असते."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. घरात, दारात, फोनवर ज्या भाषेसाठी ही बाई झुरत होती, ती भाषा तिच्यासमोर येऊन उभी होती. त्यांनी डोळे उघडले, पाठ ताठ केली आणि काउंटरवरच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "आय बेग युवर पार्डन? आय डोन्ट अंडरस्टँड युवर लँग्वेज. प्लीज स्पीक इन इंग्लिश."

मग अडखळत, "सॉरी, मॅम. थँक यू फॉर बीइंग अवर कस्टमर, मॅम. हॅव अ गुड डे."

फोन बंद झाला. मी चहाचा कप पुढे सरकवला. काकूंनी तो घेतला नाही. ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत बसल्या, पुसून झाला तरी पुसतच होत्या.

"वाईट वाटलं असेल त्याला," त्या म्हणाल्या.

"त्याला कळलं असेल, काकू."

"लगेच नाही कळायचं. पोरगाच आहे." त्यांनी चष्मा घातला. "वाटू दे. टेप ऐकणाऱ्यांना एवढंच कळेल, की बाईला काही समजलं नाही. त्याच्या नोकरीला धक्का नको."

मग बराच वेळ त्या माझ्याकडेच बसल्या. मी कुकर लावला, वांगी चिरायला घेतली. त्यांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाल्या, "चिरू नकोस गं. अख्खी ठेव."